दोरीवरची हजेरी

बाबुरी गाव
२० ऑगस्ट २०२०

चि. रोस्नानी हिला,
बाचा सलाम आणि ओंजळभर आशीर्वाद.

तू कशी आहेस? मासे साफ करण्याच्या कारखान्यात दिवसभर हात बर्फात असतात असं तुझा मामेभाऊ सांगत होता, तेव्हा आधी बोटांचं सांग. सुजतात का? थोरला आर्मान कसा आहे? त्याचं पोट नाजूक, त्याला तिकडचं तिखट सोसतं का? फित्रीचा कान फुटायचा तो थांबला का? धाकट्याचं नाव मला अजून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी त्याला ‘धाकटा’ म्हणूनच विचारतो: धाकटा बाळसं धरतोय ना? आणि तुझ्या बाळंतपणात जिने कढण करून घातलं ती शेजारची म्हातारी बरी आहे ना? तुमच्या तावाऊला आजाराने बरीच माणसं नेली असं ऐकतो. सीमा बंद, होड्या बंद. बातम्या मात्र कुठल्या भोकातून येतात कोण जाणे.

इकडे मी बरा. भरती-ओहोटी आता समुद्राआधी गुडघ्यांना कळते, तेवढंच. मामी बरी आहे. मामाला ऐकू येत नाही, त्यामुळे मामी जास्तच बरी आहे. गावात आजार शिरलेला नाही. शिरेल कुठून? सगळी घरं पाण्यात खांबांवर, वाट म्हणावी तर एक फळकूट.

हे पत्र तुला फोनवर दिसेल. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, नुरिया बाई, तीन वर्षांमागे मोठ्या बेटावरून आल्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. हल्ली त्या आठवड्यातून एकदा, सोमवारी, होडीने येतात. परत गेल्या की तिकडे फोन लागतो. त्या या कागदाचा फोटो काढून तुझ्या नंबरावर पाठवणार. मी म्हटलं, “बाई, घरचं आहे, वाचायचं नाही.” त्या म्हणाल्या, “म्बो, डोळे मिटून फोटो काढला तर तुमच्या लेकीला माझा अंगठाच दिसेल.” सगळं गाव मला म्बो म्हणतं आता, म्हणजे आजा. तू गेलीस तेव्हा मी नुसता तादी होतो, शाळेचा झाडूवाला.

त्या जुन्या गोष्टीबद्दल मी लिहिणार नाही. लिहायला गेलो की पेन्सिलीचं टोक मोडतं.

शाळा मार्चात बंद झाली. हुकूम आला, मुलं घरी गेली, मी दाराला कडी लावली. दुसऱ्या दिवशी सात वाजता माझे हात आपोआप टोल्याकडे गेले. तोच आपला टोला, बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या फुटक्या टाकीचा अर्धा तुकडा. मी हात मागे घेतला. तिसऱ्या दिवशी बायका दाराशी. “म्बो, टोला का देत नाही? पोरं उन्हं डोळ्यावर येईतो लोळतात. भात कधी टाकायचा तेही कळेना.” मी सांगितलं, शाळा बंद आहे. साहिबा म्हणाली, “शाळा बंद आहे, टोला कुठे बंद आहे?” या साहिबाचं तोंड तुला आठवत असेल.

तेव्हापासून बंद शाळेचा टोला रोज पडतो. सातला तीन. मग तासातासाला एक. बाराला पाच. पाण्यावरून आवाज चपट्या दगडासारखा टप्पे खात जातो आणि कुठे संपतो ते कळतच नाही.

सोमवारी बाई कागदांचे गठ्ठे आणतात. मी होडीतून घरोघर फिरतो. मुलं वरून दोरीने टोपली सोडतात, मी नवे कागद ठेवतो, सोडवलेले घेतो. बाईंना हजेरीही हवी होती. फोन लागत नाही, मी वर चढायचं नाही, पोरांनी खाली यायचं नाही. मग मीच तोड काढली. सातचा टोला पडला की ज्याने त्याने मासे वाळवायच्या दोरीवर आपलं फडकं टाकायचं. एका घरात तिघं असतील तर तीन रंग. बाराला काढायचं. मी गल्लीगल्लीतून वल्हवत जातो आणि वहीत खुणा करतो.

रोस्ना, तू हे एकदा पाहायला हवं. वारा सुटला की सगळं गाव शिडं उभारून निघाल्यासारखं दिसतं. मला वाटतं, आता खांब सुटतील आणि शाळेसकट सगळे कुठेतरी जाऊ, आणि कुणी विचारलं कुठे निघालात, तर पोरं म्हणतील, गणिताच्या तासाला.

आपल्या घराच्या दोरीवर काही नसतं. माझे दोन शर्ट असतात, पण ते हजेरीत धरत नाहीत.

सवड काढून उत्तर दे.
तुझा बा

---

बाबुरी गाव
२ नोव्हेंबर २०२०

चि. रोस्ना,

तुम्ही सगळे सुखरूप असाल असं धरून चालतो. बाई म्हणाल्या, पत्राखाली दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तू वाचलंस. मी विचारलं, किती वेळाने आल्या? लगेच की दिवस गेल्यावर? बाई म्हणाल्या, लगेच. मी त्यावर आठवडा काढला.

आज एक गोष्ट सांगतो. कुणाला बोलू नकोस.

साहिबा आणि बाहारूची मुलगी जुम्रिया. तू गेलीस तेव्हा ती पाच वर्षांची होती, तुझ्या मागे मागे शेपटासारखी फिरायची. आता नववीत आहे, शेवटचं वर्ष. दाखला मिळाला तर पुढे मोठ्या बेटावर दाईच्या शिक्षणाला जायचं तिच्या मनात आहे. अशी हुशार पोर शाळेत मी दुसरीच पाहिली. पहिली कोण ते तुला ठाऊक आहे. तिचं फडकं म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा, कोपऱ्याला गाठ.

हे हिरवं फडकं रोज टोल्याच्या आधीच दोरीवर असायचं. मला कौतुक. वाटलं, पोर उतावळी आहे. मग एका शुक्रवारी वावटळ आली. टोला दिलेला, सगळी फडकी वर होती. बघता बघता पोरांनी भराभर ओढून घेतली. गावभर एकच राहिलं, हिरवं, वेड्यासारखं फडफडत. साहिबा त्या वेळी मामीकडे पीठ आणायला आली होती. म्हणजे घरात फडकं ओढायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खांबाला होडी लावली.

“साहिबा, जुम्रिया कुठे आहे?”
“आत. अभ्यास करतेय.”
“हाक मार जरा.”
“तिचं डोकं दुखतंय.”
“अभ्यास करतेय की डोकं दुखतंय?”
“अभ्यासानेच दुखतंय, म्बो! तुमच्या बाई कागद थोडे देतात का?”

मी वल्हं आडवं ठेवून बसून राहिलो. मी बसून राहिलो की माणसं बोलतात. ही माझी एकच विद्या, शाळेच्या खिडकीखाली बसून शिकलेली.

बाहारू दोन वर्षांमागे खोल बुडी मारून वर आला तेव्हापासून त्याच्या पायांत जीव नाही. होडी त्याचा भाऊ चालवायचा. भाऊ टाळेबंदीत दुसऱ्या बंदरात अडकला. मग बाहारू पोंकाला निघाला तो जुम्रियाला घेऊन. मागे बाईंनी मला विचारलं होतं, पोंका म्हणजे काय? मी म्हटलं, बाई, मासे इथे येईनासे झाले की आपण त्यांच्या गावी राहायला जायचं. लांबच्या खडकावर चार खांब ठोकायचे, झोपडी बांधायची, महिना दोन महिने. बाई म्हणाल्या, आणि शाळा? मी म्हटलं, शाळेला कल्ले नसतात बाई.

तर पोर तिकडे आणि फडकं इकडे. साहिबाच रोज टाकायची. कागद ती कोरेच परत करत होती, वर नाव मात्र लिहून.

“आता काय करणार?” साहिबा म्हणाली. “नाव खोडणार? तुमचा हात पक्का आहे म्हणतात त्या बाबतीत.”

मग तिचाच आवाज खाली आला. “जुम्रिया नसेल, पण तिची पाण्यातली बहीण आहे ना घरी. ती कुठे जाते? इथेच खांबाखाली असते. लावा तिची हजेरी.”

मला हसू आलं आणि मग हसू जागेवरच राहिलं. तू झालीस तेव्हा तुझी वार मी नारळाच्या करवंटीत घालून आपल्या खांबाशी पाण्यात सोडली होती. ती तुझी थोरली, पाण्यातली बहीण. तिच्याशी मी रोज बोलतो. तू बोलत नाहीस म्हणून म्हण, पण ऐकायला ती बरी आहे. ओहोटीला तिचं पाणी इतकं नितळ होतं की मला माझा म्हातारा चेहरा दिसतो आणि त्यामागून कुणीतरी वर बघतंय असं वाटतं.

मी वहीत खूण केली. हजर. दुसऱ्या दिवशीही केली. आज एकविसावी खूण झाली. हात अडला नाही, याचंच मला नवल वाटतं. अकरा वर्षांमागे हाच हात

इथे टोक मोडलं. नवं करून पुढे लिहितोय, पण त्या वाक्याकडे परत जात नाही.

धाकट्याचं नाव कळव. एवढं तरी.
तुझा बा

---

बाबुरी गाव
१४ जानेवारी २०२१

चि. रोस्ना,

तुझ्या बोटांना मामीने लवंगेचं तेल सांगितलंय. पाठवायची सोय नाही, तिकडेच घे.

म्हातारपणी अक्कल गुडघ्यात उतरते, आणि माझे गुडघे तर तुला माहीतच आहेत. मागचं पत्र मी बाईंच्या हातात दिलं, होडी वळली, बाईंनी हात हलवला, आणि मग मला आठवलं की फोटो बाईच काढतात. कुणाला बोलू नकोस असं मी तुला बजावलं, आणि कागद दिला मोठ्या बाईंच्याच हातात! पुढचा आठवडा मी टोले मोजत काढला. एकदा बाराला सहा पडले. मामा बहिरा म्हणून त्याने काही म्हटलं नाही, बाकी सगळ्यांनी म्हटलं.

सोमवारी बाई आल्या. तोंडाला फडकं, वर चष्म्यावर वाफ, त्यामुळे चेहरा वाचता येईना. गठ्ठे मोजून दिले. शेवटी पिशवीतून प्लास्टिकमध्ये बांधलेला आणखी एक काढला.

“हा कुणाचा?”
“जुम्रियाचा दिलाय ना तुम्हाला? हा तिच्या पाण्यातल्या बहिणीचा. जरा लांब राहते म्हणतात. पोचवाल का?”

मी मान खाली घातली. “बाई, तुम्ही वाचलंत.”
“मी फोटो काढला,” बाई म्हणाल्या. “आणि म्बो, कोऱ्या कागदांवर नाव दुसऱ्याच हाताचं, आणि जुम्रियाचं अक्षर मला काय माहीत नाही? मी वाट बघत होते तुम्ही कधी सांगता. तुम्ही तावाऊला सांगितलंत आधी.”

खडकावर बर्फाची होडी जाते मासे आणायला. तिच्यातून पहाटे निघालो. अर्ध्या दिवसाचा रस्ता. झोपडी लांबून दिसते तेव्हा पाण्यावर नसतेच, पाणी आणि आभाळ यांच्या शिवणीत अडकलेली असते. जवळ जाता जाता ती खाली उतरली आणि तिला खांब फुटले. फळीवर जुम्रिया पाय सोडून बसली होती, हातात ऑक्टोपस पकडायचा आकडा.

“म्बो, तू? माझं नाव खोडायला एवढ्या लांब आलास?”

सगळं गाव मला याच एका गोष्टीसाठी ओळखतं, रोस्ना.

“कागद आणलेत,” मी म्हटलं.
“मग वर ये. कसुआमी आहे, कालची आहे, दगड झालीय. दात आहेत ना?”
“चार आहेत.”
“मग भिजवून देते.”

कसाव्याच्या कंदाची ती वाफवलेली टोपी माशाच्या रश्शात भिजवून आम्ही तिघांनी खाल्ली. बाहारू म्हणाला, “हिने आधीपासूनच काहीतरी शाळा मांडलीय इथे, बघ.” झोपडीच्या खांबावर तिने कोयत्याने खाचा केल्या होत्या. रोजच्या भरतीची एक, ओहोटीची एक. बाजूला चंद्र कोरलेला, कुठे नखाएवढा, कुठे भाकरीएवढा. विज्ञानाच्या कागदावर लिहिलं होतं, एखादं रोप लावा आणि पंधरा दिवस नोंद ठेवा. तिकडे माती कुठली? तिने दोरीला समुद्रशेवाळाचा तुकडा बांधून पाण्यात सोडला आणि वितीने मोजत गेली. भाषेच्या कागदावर होतं, दूरच्या मैत्रिणीला पत्र लिहा. तिने आपल्या फडक्यालाच लिहिलं: ‘तू माझ्या जागी रोज वर्गात बसतेस. वाऱ्याने प्रश्न विचारला की आधी तूच हात वर करतेस. माझ्यासाठी थोडं शिकून ठेव.’ बाईंनी नंतर ते वाचलं तेव्हा चष्मा काढून पुसला. वाफेमुळे असेल.

दुपारी पाणी तेलासारखं झालं. ती होडीच्या तळाला कान लावून पडली होती. म्हणाली, “गप. बाराचा टोला पडतोय.”
“इतक्या लांब कसा ऐकू येईल?”
“वरून नाही येत. खालून येतो. तूही ऐक.”

मी वाकून कान लावला. लाकूड गार होतं. खाली कुणीतरी फार सावकाश श्वास घेत होतं. टोला मला ऐकू आला की नाही ते सांगता येत नाही. मी तर तिथे होतो, मग गावात दिला कुणी? (मामीने दिला होता. चार दिले. तिला मोजता येत नाही.)

तेव्हापासून पंधरा दिवसांनी एकदा मी जातो. गठ्ठा नेतो, गठ्ठा आणतो. पण आता खरी अडचण उभी आहे.

शहरातल्या कार्यालयाचं पत्र आलंय. यंदा नववीची परीक्षा नाही. मागच्या सत्रांचे गुण, केलेल्या कामाची फाइल आणि घरून हजेरी, या तिन्हीवर दाखला. हजेरीच्या वहीखाली जो खुणा करतो त्याने सही करायची: ‘वरील मुले आपापल्या घरी हजर होती.’ तो म्हणजे मी. सही केली तर खोटी. नाही केली आणि खरं सांगितलं, तर जुम्रिया गैरहजर, आणि गैरहजराला दाखला नाही. बाईंनी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “म्बो, मी सांगणार नाही काय करा ते. एप्रिलपर्यंत विचार करा.”

म्हणून आता ते वाक्य पुरं करतो. बाई, तुम्ही फोटो काढताना वाचलंत तरी चालेल.

अकरा वर्षांमागे तुझी आई अंथरुणाला खिळली. मीच तुला म्हटलं होतं, रोस्ना, चार दिवस घरी थांब, माझा टोला चुकायला नको. चार दिवसांचे त्रेचाळीस झाले. तू आईला पेज भरवायचीस, तिला कुशीवर वळवायचीस, आणि मी धुतलेला शर्ट घालून शाळेत जायचो. तेव्हाच्या हेडमास्तरांना जवळचं दिसत नसे. हजेरीची वही ते माझ्याकडे देत. झाडूवाल्याच्या हातात पेन्सिल! ते नाव पुकारायचे, मी खूण करायचो. तुझं नाव आलं की मी रेघ मारायचो. एकदा ते थांबले. म्हणाले, “तादी, ही तुझीच ना? घरी काही अडचण आहे का?” मी म्हटलं, “नाही मास्तर. गैरहजर आहे.”

लोक म्हणाले, तादीसारखा सरळ माणूस नाही, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. मला ते गोड लागलं. नाव पटावरून गेलं, परीक्षा गेली, मग आई गेली. होडीत चढताना तू एवढंच म्हणालीस, “बा, तुझं अक्षर फार सुंदर आहे.” कितीतरी दिवस मी ती स्तुतीच समजत होतो.

तू गैरहजर नव्हतीस. मी तुला कामावर ठेवलं होतं. खोटी खूण मी यंदा पहिल्यांदा केली असं मागच्या पत्रात वाटलं असेल. पहिल्या त्रेचाळीस तुझ्या नावापुढे आहेत.

बा

---

बाबुरी गाव
१० जून २०२१

चि. रोस्ना,

फित्रीचा कान, आर्मानचं पोट, धाकट्याचे दात, सगळं विचारलं असं समज. आज हात घाईत आहे.

एप्रिलात मी सही केली. पण छापलेल्या ओळीखाली केली नाही. ती ओळ खोडली आणि समासात माझ्या अक्षरात लिहिलं: ‘यांतील जुम्रिया, बाहारूची मुलगी, ऑक्टोबरपासून घरी नव्हती. मला हे ठाऊक असून मी हजर लिहिले. चूक माझी. ती बापाची होडी चालवत होती. तिचे काम तिने स्वतः केले, ते मी खडकावर जाऊन पाहिले.’ खाली पूर्ण नाव. असं पूर्ण नाव मी आयुष्यात दोनदाच लिहिलं, एक हे आणि एक तुझ्या आईशी निकाह लागताना.

साहिबाला सांगायला गेलो. ती मासे कापत होती. ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली नाही.

“म्हणजे खोडलंतच शेवटी.”
“खोडलं नाही. लिहिलं.”
“त्यात फरक आहे का म्बो, आमच्यासाठी?”

मला माहीत नव्हतं. मी तसंच म्हटलं. तिने त्या दिवसापासून फडकं टाकणं बंद केलं. त्या रिकाम्या दोरीवरून मी रोज होडी नेत होतो. वहीतल्या त्या घरात मी टिंबसुद्धा दिलं नाही. सात आठवडे गेले. मला वाटायचं, सगळं गाव वर उचललं जातंय आणि त्या एका दोरीपाशी अडकतंय.

बाई वही घेऊन स्वतः शहरात गेल्या. सोबत जुम्रियाची फाइल, आणि मी काढून आणलेली खांबाची खाचा असलेली सालपटं. काय झालं ते त्यांनी मला होडीतूनच सांगितलं, धीर धरवला नाही म्हणून. समोरच्या साहेबांनी समास दोनदा वाचला. म्हणाले, “मुलगी घरी नव्हती असं तुमचाच माणूस लिहितो.” बाई म्हणाल्या, “साहेब, घरून शिका असा तुमचा हुकूम आहे. घर कुठे असतं ते हुकुमात लिहिलेलं नाही. मी तीन वर्षांहून जास्त या लोकांत आहे. बाप, चूल आणि होडी जिथे बांधलेली, ते यांचं घर. खडकावर तिन्ही होती. मुलगी घरी होती. म्बोंनाच पत्ता चुकीचा माहीत होता.”

साहेब हसले म्हणे. मग फाइल वाचत बसले, आणि फडक्याला लिहिलेल्या पत्रापाशी बराच वेळ थांबले. मला त्यांनी ताकीद दिली, लेखी. ती मी बरणीत घालून ठेवलीय. असा कागद मला पहिल्यांदाच मिळाला, आणि तो खरा आहे.

आज दाखले वाटले. गर्दी जमवायची नाही म्हणून बाई आणि मी होडीतून फिरलो. प्रत्येक पोर आपल्या फळीवर, धुतले कपडे, तोंडाला फडकं. बाई नाव पुकारायच्या, टोपली खाली यायची, दाखला वर जायचा, आणि घरातले सगळे भांडी वाजवायचे. साहिबाच्या खांबाशी आलो. दाखल्यासाठी लेकीबरोबर खडकावरून परतलेला बाहारू दाराशी टेकून बसला होता. जुम्रियाने टोपली सोडली नाही. शिडी उतरून कमरभर पाण्यात आली, दोन्ही हात वर करून दाखला घेतला, आणि वाकून पाण्याला दाखवला.

“हे कशाला?” बाईंनी विचारलं.
“निम्मी हजेरी हिचीच,” ती म्हणाली.

साहिबा वरून ओरडली, “भिजला तर दुसरा मिळणार नाही, कार्टे!” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “म्बो, वर या. कसुआमी ताजी आहे. चार दातांना चालेल अशी.”

आता तुझं. शाळेच्या कपाटात सगळ्यात खाली अकरा वर्षांमागची वही निघाली. कडा खाऱ्या हवेने फुगल्यात, कसरीने भोकं पाडलीत, पण त्रेचाळीस रेघा शाबूत आहेत. अक्षर खरंच सुंदर आहे. मी समासात लिहिलं: ‘या दिवसांत रोस्नानी आईची सेवा करत होती. तिला तिच्या बापाने घरी ठेवले होते. रेघा बापाच्या आहेत, मुलीच्या नाहीत.’ बाईंना म्हटलं, शिक्का मारा. त्या म्हणाल्या, “म्बो, जुन्या वहीवर नवा शिक्का मारता येत नाही.” मग पेन काढून खाली लिहिलं, ‘वाचले. नुरिया.’ आणि सांगितलं की मोठ्या माणसांनाही नववीची वेगळी परीक्षा देता येते, वयाची अट नाही, पुढच्या वर्षीपासून लांबूनही नाव घालता येईल. कागद त्या फोटोत जोडतील. देच असं मी म्हणत नाही. तुझं ते तू बघ. कागद आहे, एवढं कळवतो.

आणखी एक. तू शाळेत जाताना डोक्याला बांधायचीस तो पिवळा रुमाल आईच्या पेटीत होता. गेल्या सोमवारपासून सातच्या टोल्याला मी तो आपल्या दोरीवर टाकतो, माझ्या दोन शर्टांच्या मध्ये. बाराला काढून घडी करतो. शेजारच्या पोरांनी विचारलं, म्बो, हे कुणाचं? मी म्हटलं, आमच्याकडची एक आहे, लांब राहते. वहीत मी त्याची खूण केलेली नाही. आता दुसऱ्याच्या नावापुढची खूण त्याला विचारल्याशिवाय करायची नाही असं ठरवलंय. ते घर कोरं आहे.

निळ्या खुणा येतात. तू वाचतेस, हे माझ्या वाट्याला आलं त्यातलं पुष्कळ आहे. पण या खेपेला लवकर उत्तर दे. लांबलचक नको. धाकट्याचं नाव लिही, आणि मनात असेल तर त्याच्या पुढे एकच शब्द, ‘हजर’, म्हणजे वहीतलं तुझं घर मी भरीन. नसेल मनात, तर नुसतं नाव चालेल.

मी सातच्या आधी उठलेलाच असतो.

तुझा बा,
तादी